लोडरची नवी मान

माझ्या लेकीचं जुनी दारं-खिडक्या विकण्याचं आवार आहे. पाडलेल्या घरांतून आलेली दारं तिथे भिंतींशिवाय उभी असतात. दुपारी रंगीत काचांमधून ऊन जमिनीवर सांडतं आणि मी कोपऱ्यातल्या खुर्चीत मांडीवर पुस्तक उघडं ठेवून नुसता बसतो. यातल्या कुठल्यातरी दारातून आता कुणीतरी येईल, असं वाटत राहतं. येतो तो जावईच, वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर चढवून.

त्या दिवशी तो भंगारातून फोर्कलिफ्टचा मास्ट घेऊन आला. दोन उंच लोखंडी खांब, मध्ये साखळी, आणि साखळीवर वरखाली होणारे दोन काटे.

"बाबा, ही बघा उंटाची मान. आपल्या बुटक्याला लावणार."

बुटका म्हणजे लेक चालवते तो लोडर. त्याचे पुढचे दोन बाहू दारं ठेवायच्या मांडणीच्या दुसऱ्या फळीपर्यंतच पोचत. खाली ओल, त्यामुळे तळाची दारं कुजत होती, आणि वरची फळी रिकामी. बाहूंच्या टोकाची लोखंडी बादली काढून तिथे मास्ट बसवला की दारं सरळ वर जाणार होती.

जावई कामात हयगय करणारा नाही. ओझ्याला तोल म्हणून त्याने लोडरच्या मागे लोखंडी पाट्या बसवल्या. दार घसरून लेकीच्या अंगावर येऊ नये म्हणून काट्यांमागे जाळी लावली. बादलीत जेवढं वजन चालायचं त्याच्या निम्म्याहूनही कमी आकडा त्याने मास्टवर पांढऱ्या रंगात लिहिला.

"एवढं कमी?" लेक म्हणाली.

"एकुलती एक बायको आहे माझी."

तरी मला एक गोष्ट खुपत होती. लोडरमध्ये डाव्या पायाखालचं पॅडल टाचेने दाबलं की बाहू उठतात. लेकीने इतकी वर्षं तसंच उचललं होतं. आता उचलायचं ते हातातल्या बटणाने, आणि बाहू खालीच ठेवायचे. ते उठले तर मास्ट ओझ्यासकट पुढे जाणार आणि लोडर लेकीला घेऊन तोंडावर पडणार. हे जावयानेच समजावलं होतं आणि लेकीला ते पाठ होतं. पण स्वयंपाकघरात वरच्या फळीवरचा डबा काढताना तिची डावी टाच फरशीवर हळूच दाबली जाते, हे मी पाहत आलो होतो. पायाला कुणी समजावलं होतं?

सांगावं असं रोज मनात येई, आणि रोज वाटे, आपण पुस्तकी माणूस, यात आपलं काय डोकं चालणार? शेवटी चाचणीच्या दुपारी, ती काट्यांवरून पाय टाकून आत जाऊन बसली तेव्हा, माझ्या तोंडून निघून गेलं, "थांब गं!"

"काय झालं, बाबा?"

"तुझी टाच."

"टाचेला काय झालंय?"

"ती… ती पण उचलते."

"झोपेतून उठलात का, बाबा?" जावई हसला. मी अडखळत डब्याचं सांगितलं.

"काहीतरीच! मी कधी टाच दाबते?"

जावयाचं हसू मावळलं. "दाबतेस. रात्री पांघरूण वर ओढतानाही दाबतेस. माझ्या पायावर."

तो आत गेला आणि ड्रिल घेऊन आला. बाहू आणि सांगाडा यांच्या आरपार भोकं पाडून त्याने दोन्हीकडे जाड पिना घातल्या. आता बाहू उठायचे म्हटलं तरी उठणार नव्हते.

"दोघांचाही माझ्यावर विश्वास नाही," लेक फुरंगटून म्हणाली.

"तुझ्यावर आहे. पायावर नाही."

पहिल्यांदा नुसती वाळूची पोती उचलायची ठरली. आम्ही दोघं लांब उभे राहिलो. पोती वर निघाली. निळ्या काचेसमोर ती निळी झाली, मग पिवळी. वजन असं काही त्यांना उरलंच नाही जणू. मी खालून बघत राहिलो आणि क्षणभर विसरलो की या सगळ्याच्या आत माझी लेक आहे.

फळीच्या थोडं खाली पोती थांबली. नीट दिसावं म्हणून लेक पुढे वाकली, आणि इंजिनाचा आवाज एकाएकी जड झाला. लोडर कण्हला, थरथरला. पिना जागच्या हलल्या नाहीत. आवाज ओसरला. लेक मान खाली घालून स्वतःच्या पायांकडे बघत होती.

तिने सावकाश पोती खाली उतरवली आणि इंजिन बंद केलं. मास्टच्या दोन खांबांमधून तिचा चेहरा फार लांबचा दिसत होता.

"दाबली मी," ती म्हणाली.

जावई आडव्या ठेवलेल्या एका दारावर बसला. पिनांकडे बघत म्हणाला, "बाबा, आणखी काय दिसतंय?"

असं मला कुणी विचारत नाही. चुकीचं बोलून बसू अशी धास्ती वाटली, पण पुन्हा निरखून पाहिलं. "पोती वरच अडकली असती तर? लोडरमधून उतरायचं ते पुढूनच, त्यांच्याखालून. मग पोरगी बाहेर कुठून आली असती?"

"मागची काच निघते. त्यासाठीच असते ती."

"कधी काढून बघितली आहे?"

त्याने नकारार्थी मान हलवली. लेक आत वळली आणि तिने हिसका देऊन काच काढली. डोकं बाहेर आलं, एक खांदा आला, आणि ती तिथेच अडकली. तोलासाठी बसवलेल्या पाट्या निम्म्या काचेपर्यंत आल्या होत्या.

"वा!" ती अडकल्या अडकल्या म्हणाली. "आवारात दारंच दारं, आणि मालकिणीला एक धड नाही."

जावई उठला, पाना घेऊन मागे गेला. या पाट्या खाली, चाकांच्या जवळ घ्याव्या लागणार होत्या. "वेळ लागेल," तो म्हणाला. "तोवर पुढून ये. पोती खालीच आहेत, वाट मोकळी आहे."

"नाही," लेक म्हणाली. तिने मोकळा हात माझ्याकडे केला, मी मागे जाऊन तो धरला. "मी इथूनच येणार."