अडलेला पडदा

मित्रांनो, माझ्या कपाळावर इंग्रजीत काहीतरी रंगवलेले होते, पण घाटनांदुरात ते कोणी वाचले नाही. तिथल्या पोरांच्या लेखी मी 'मारामारीचा डबा' होतो. आता मी राधाकिशनच्या भंगारात, फुटक्या कुलरशेजारी, उन्हाकडे तोंड करून उभा असलेला, नाणे टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमचा एक जुना डबा आहे. माझी उजवी दांडी बोडकी आहे. ती बोडकी कशी झाली, ते तुम्हाला सांगतो.

परदेशी माल देशात नुकता मोकळा झाला होता, तेव्हाचा माझा जन्म. अंग प्लायवूडचे, काच जुन्या टीव्हीची, आणि मेंदू म्हणजे समुद्रापलीकडून आलेली सर्किटची एक हिरवी पाटी. महारुद्रआप्पांनी मला लातूरहून पेंडीच्या पोत्यांबरोबर टेम्पोत घालून आणले आणि स्टेशन रोडवरच्या आपल्या किराणा दुकानाच्या ओट्यावर उभे केले. पहिल्याच दिवशी पोरांनी दांड्या इतक्या ओढल्या, की उजवीचा गोळा फुटला. आप्पांनी तिच्यावर एक लाकडी भोवरा ठोकून बसवला.

माझ्या पोटात एक लांबलचक शहर होते. एक तांबडा आणि एक हिरवा असे दोन पैलवान त्यातून डावीकडून उजवीकडे चालत जायचे, आडव्या येणाऱ्या गुंडांना बुकलायचे, वाटेतली पिंपे फोडायचे. पिंपातून खायला निघे. ते खाल्ले की उतरलेली ताकद भरून येई. आणि माझा एक हट्ट होता. दोघांतला एक जरी मागे राहिला, तरी मी पडदा पुढे सरकू देत नसे. पडदा सरकला नाही की नवे गुंडही येत नसत.

दुपारी गिऱ्हाईक कमी झाले की आप्पा माझे दार उघडून आतली पट्टी बोटाने दाबत, म्हणजे नाणे लागत नसे. मग शाळेतून आलेली त्यांची लेक शिवांजली डावी दांडी धरी आणि आप्पा भोवरा धरत. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, आणि हाताखाली हिरवा पैलवान! आप्पा कायम मागे. लेक वैतागे.

"आप्पा, या की फुडं! तुमच्यापायी पडदा अडलाय."

"तू हो फुडं, बाई. मी हाय मागं."

"तुमी आल्याबिगर मला जाताच येत न्हाई ना!"

त्यातच एखाद्या पिंपातून भाजलेली कोंबडी पडे. सगळ्या गावची पोरे तिच्यावर तुटून पडत, पण हे दोघे तिला वळसा घालून जात. ताकद संपत आली तरी आप्पा सफरचंदाची वाट बघत. ओट्यावर तंबाखू मळत बसलेले सुंदरराव, आप्पांचे जुने दोस्त, हसून हसून बेजार होत.

"आप्पा, तंगडी पडलीय, खा की! मरताय आता. डब्यात कुठं देव बघतोय?"

"देव नसंल बघत," आप्पा म्हणत, "पोरगी बघतीय की."

आणि ते मरत. पोरे त्यांना 'शाकाहारी पैलवान' म्हणत. आप्पांना त्याचा अभिमानच वाटे.

पुढे घरोघरी टीव्हीला जोडायचे खेळ आले. ओट्यावर माझ्यापुढे लाल मिरची वाळू लागली. शिवांजली शिकायला लातूरला गेली, मग नोकरीला पुण्याला. मला मागच्या गोदामात गुळाच्या ढेपांजवळ हलवले आणि अंगावर चादर घातली. मित्रांनो, विसरले जाणे काय असते ते मला तेव्हा कळायला हवे होते. पण कळले नाही, कारण दुपारी चादर निघायची. कोण काढायचे, ते पुढे येईलच.

काही वर्षांनी एका सकाळी चादर निघाली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. भिंतीपलीकडून कोणीतरी म्हणाले, आप्पा लिंगैक्य झाले.

दिवसपाणी आटोपल्यावर गोदाम रिकामे करायचे ठरले. राधाकिशन हातगाडी घेऊन आला, तेव्हा चादर शिवांजलीने काढली. काचेवर तिला दोन पुसट डाग दिसले, डाव्या कडेला, शेजारी शेजारी. तिने ओढणीने घासले. डाग गेले नाहीत.

तिने बटण दाबले. कोणी खेळत नसले की मी माझा मीच खेळून दाखवतो, तशी माझी सवय. हिरवा पैलवान आपणहून चालू लागला. शिवांजली पुढे झुकली. तिने हात काचेला टेकवला. तेवढ्यात हिरव्याने पिंप फोडले, वाकला, आणि कोंबडी खाल्ली.

तिने हात काढून घेतला.

"हे आप्पा न्हाईत," ती हळूच म्हणाली.

मग तिने आतली पट्टी दोनदा दाबली आणि दोन्ही पैलवान उठवले. तांबडा निघाला. हिरवा जागीच. चार पावलांवर पडदा अडला. सुरुवातीलाच येणारे गुंड आले ते थेट हिरव्यावर. शिवांजलीने तांबड्याला धावत मागे आणले आणि ती दात आवळून एकेकाला बुकलू लागली. तिच्या धक्क्याने पिंप फुटले. कोंबडी हिरव्याच्या पायाशीच पडली. त्याची ताकद रेघेएवढी उरली होती. नुसता भोवरा जरासा लोटायचा होता. तिचा हात भोवऱ्यापर्यंत गेला आणि थांबला.

"मी बघतीय, आप्पा," ती म्हणाली.

उरलेला गुंड तिने एका हाताने पाडला. मग सगळे शांत झाले. तिने तांबड्याला हिरव्याशेजारी आणून उभे केले, आणि तिच्या लक्षात आले की दोघे बरोबर त्या डागांवर उभे आहेत.

दारात तिची आई शिवकांता आली होती. "असंच करायचे बघ," ती म्हणाली. "तू गेल्यापास्नं रोज दुपारी. दोघांना उठवायचे, तुझ्याभवतीचे गुंड मारायचे, आन् दिवे लागंस्तोवर नुसतं उभं राहायचे. मी म्हणायची, खेळा तरी! तर म्हणायचे, फुडं गेलं की गुंड येतेत, शिवकांता. हितं पोरगी सुखात हाय."

वर्षानुवर्षे रोज एकाच जागी उभे राहून ते दोघे माझ्या काचेवर कायमचे उमटले होते; शिवांजलीने त्या डागांवरून बोट फिरवले. राधाकिशनने बाहेरून हाक दिली, "ताई, होऊ द्या सावकाश. मला घाई न्हाई."

तिने भोवरा दोन्ही हातांत धरला, पण लोटला नाही. पिरगाळून काढून घेतला.

"तुमी ऱ्हावा इथंच, आप्पा," ती म्हणाली. "मी होते फुडं."

आणि बटण बंद केले.

मित्रांनो, मला पुसा, रंगवा, पुन्हा ओट्यावर ठेवा, असे मी म्हणत नाही. तुमच्याबरोबर चालणारे कोणी मागे रेंगाळत असेल, तर त्याच्यावर हवे तेवढे वैतागा, पण थांबा. तो तुमची वाट अडवत नसतो.

राधाकिशनच्या आवारात संध्याकाळी ऊन तिरपे होते आणि माझ्या विझलेल्या काचेवर पडते. तेव्हा डाव्या कडेला ते दोघे दिसतात. आजूबाजूला एकही गुंड नाही. पडदा अजून तिथेच अडला आहे.