मागच्या शॉकअपचा बोल्ट

“बाबा, आवाज ऐका,” प्रतीक्षा म्हणाली आणि तिने सायकलच्या सीटवर दोन्ही हातांनी जोर दिला. कट्ट झालं. सीट खाली बसली ती वर आलीच नाही.

मी वाकून पाहिलं. मागचा शॉकअप सांगाड्याला धरून ठेवणारा बोल्ट मधूनच तुटला होता. डोक्याकडचा तुकडा गवतात पडला, उरलेला आट्यांत अडकून बसला. पावणेआठ झाले होते. शर्यत साडेनऊला सुटणार होती.

आम्ही चिखलदऱ्याला होतो. डोंगरातल्या शर्यतीत अकरा बायका होत्या आणि पहिल्या दोघी राज्याच्या संघात जाणार होत्या. प्रतीक्षा माझी मुलगी, अमरावतीला शाळेत खेळ शिकवते. गेली तीन वर्षं ती तिसरी नाहीतर चौथी येत होती. या वर्षी नाही जमलं तर सोडून देईन, असं ती घाट चढताना म्हणाली होती. ती उगाच बोलणारी नाही.

सुटे भाग खाली परतवाड्याला मिळाले असते, पण दुकानं दहाला उघडतात. माझे मेव्हणे केशवराव चांदूर रेल्वेला झेंडू आणि भाजी पिकवतात. त्यांच्याच गाडीतून आम्ही आलो होतो. ते कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहत होते.

“मंग तुमी कायचे मिस्त्री, जवाईबुवा? अर्ध्या अकोल्याच्या मोटारी दुरुस्त केल्या, अन् पोरीचा एक बोल्ट होत नाई?”

अकोल्यात जठारपेठेत माझं पंप दुरुस्तीचं दुकान आहे. सायकलीचं मला काही कळत नाही. पण तुटलेला बोल्ट काढणं कळतं. बोअरच्या मोटारीत ते रोजचंच काम.

हत्यारांची पिशवी केशवरावांनीच गाडीत टाकली होती. मी बाहेरगावी जाताना नेतो ती. मंजुषा, माझी बायको, चैत्रात गेली. तेव्हापासून मी बाहेरगावचं काम घेतलं नव्हतं आणि ती पिशवी उघडली नव्हती. आता मात्र विचार करायला वेळ नव्हता.

आधी अडकलेला तुकडा. बारीक छिन्नी त्याच्या कडेला लावली आणि उलट्या बाजूने हलके हलके ठोकत गेलो. तो हलेना. रॉकेल मागितलं, कुणीतरी डिझेल आणून दिलं. पुन्हा ठोकलं. दोन केसांएवढा फिरला. “फिरला,” प्रतीक्षा म्हणाली. ती श्वास रोखून बसली होती. मग मी बोटांनीच फिरवत तो बाहेर काढला. आटे शाबूत होते. सव्वाआठ.

आता बोल्ट. मी सगळे नट-बोल्ट एका डब्यात कोंबायचो, त्याचा मंजुषाला राग यायचा. तिने ब्लाउजपिसांच्या थैल्या शिवल्या, माप लावून बोल्ट वाटले आणि प्रत्येक थैलीला चिठ्ठी टाचली. ‘आठ आखूड’. ‘आठ लांब’. ‘दहा’. ‘आठ लांब’मधले सगळे पंपाचे, स्टीलचे होते. न गंजणारे, पण नरम. एका उडीत वाकले असते. तळाशी एक थैली होती. चिठ्ठीवर लिहिलं होतं : ‘कायचे आहेत माहीत नाही, पण चांगले आहेत.’

ती चिठ्ठी मी दोनदा वाचली. थैली गवतावर ओतली. त्यात एक आठचा लांब बोल्ट होता, डोक्यावर दहा पॉइंट नऊ कोरलेलं. कडक पोलाद. कुठून आला होता, मलाही आठवेना.

बसवला आणि ताकद लावून आवळला. प्रतीक्षाने सीट दाबली. शॉकअप जागचा हलला नाही.

“बाबा, किती आवळला? हे हाललं पायजे.”

“ढिला ठेवला तं निघून पडते. मोटर हालली का जळते.”

“अन् हे नाई हाललं तं मी पडते.”

पस्तीस वर्षं मी एकच काम केलं होतं : काही हलू नये म्हणून आवळणं. हलायलाही हवं आणि सुटायलाही नको, असं काम कधी माझ्याकडे आलंच नव्हतं.

मग एकदम सुचलं. बोल्ट लांब होता, पलीकडून बोटभर बाहेर आला होता. मी तो सैल केला, पाव फेरा, अर्धा फेरा, सीट खाली-वर व्हायला लागेपर्यंत. आणि बाहेर आलेल्या टोकावर आत नायलॉनचं कडं असलेला नट चढवला. तो नट घट्ट नसला तरी आपोआप सुटत नाही. उरलेलं टोक करवतीने कापलं. हाताला घाम आला होता आणि मला हसू येत होतं. नऊला दहा कमी असताना प्रतीक्षा पाच पायऱ्यांवरून सायकल घेऊन खाली उतरली. शॉकअप बसला आणि वर आला. केशवरावांनी अशी शिट्टी मारली की माकडं झाडावरून पळाली.

शर्यत सुटली तेव्हा मी सुरुवातीच्या रेषेपाशी थांबलो नाही. नाल्याजवळचा उतार सगळ्यांत वाईट होता, सगळा दगडांचा. बोल्ट तुटला तर तिथेच तुटणार. मी पायवाटेने धावतच तिथे गेलो. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस धावतो तसा.

पहिली आली. दुसरी आली. मग प्रतीक्षा. मी तिचं तोंड पाहिलंच नाही, मागचं चाक पाहिलं. दगड, शॉकअप आत, बाहेर. मोठा दगड, पूर्ण आत, बाहेर. कुठेही खट्ट नाही. नाला ओलांडून ती पलीकडच्या चढाला लागली आणि दुसरीच्या अगदी मागे दिसेनाशी झाली.

वीस मिनिटांनी केशवरावांचा फोन आला. पलीकडे इतका कल्ला की आधी काही कळेना.

“दुसरी,” ते ओरडत होते. “जवाईबुवा, दुसरी आली पोरगी. रडून राहिली. या लवकर.”

मी हो म्हणालो, पण आधी दगडावर बसलो. तेवढ्यात शेवटची बाई उतरली, चाळिशीची, सायकल हाताने धरून. पायात गोळा आला होता. मी उठून सायकल माझ्याकडे घेतली. तिने विचारलं, यात तुमचं कोण. मी सांगितलं, मुलगी, दुसरी आली. तिला इतका आनंद झाला की ती लंगडत लंगडत टाळ्या वाजवायला लागली.

“मंग काका, काकूले फोन केला का?”

“नाई केला अजून,” मी म्हणालो आणि तिची सायकल चढावर ढकलू लागलो.