पालथा तांब्या

टँकर आला त्या दिवशी अंबिकाबाईंनी घरातलं झाडून सगळं भरून ठेवलं, कुकरसुद्धा. एक पितळी तांब्या तेवढा पालथा राहिला. पडेगावात वसाहती वाढत होत्या आणि बोअर आटत होते. टँकर पुन्हा कधी येईल याचा नेम नव्हता. लेकीनं, मनस्विनीनं, तांब्याला हात घातला तर आई म्हणाली, "राहू दे तो. ते माझं डोकं आहे."

अंबिकाबाई शहागंजातल्या पुंडलिकशेठच्या दुकानासाठी बाशिंगं करायच्या, आणि त्यांचं माप त्या पालथ्या तांब्यावर व्हायचं. पूर्वी ते मनस्विनीच्या कपाळावर व्हायचं. अभ्यास करता करता ती मान वर करायची, आईची बोटं कानामागून फिरून गाठ बघायची. मग एकदा शेजारच्या केसरबाई म्हणाल्या, कुवार पोरीला उठसूट बाशिंग लावल्यावर खरं कधी लागायचं? दुसऱ्या दिवसापासून तांब्या आला. मनस्विनीचं लग्न तरीही झालं नाही. कॉलेजात शिकवता शिकवता चाळिशी उलटली. आईनं त्याचा दोष स्वतःकडे घेतला असावा. तो विषय दोघींनी कधी काढला नाही.

त्या संध्याकाळी मनस्विनीनं सहज शब्दकोश उघडून वाचून दाखवलं: बाशिंग म्हणजे वधूवरांच्या कपाळी बांधायचा लहान मुकुट.

आईला हसू आलं. "मुकुट देवाला. हे माणसाचं, एका दिवसाचं. नीट बसलं नाय तर नाकावर येतं, हेपण लिहा म्हणावं त्यांना."

पहाटे आई उठलीच नाही.

तेरावा झाला, पाहुणे गेले. पुंडलिकशेठनी चाचरत फोन केला. नवरीचं बाशिंग राहिलंय, लग्न परवावर आलंय, दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ का? मनस्विनी नको म्हणाली. तिनं अर्धवट राहिलेल्या पुठ्ठ्यावर बेगड चिकटवली, मणी ओवले, दोरे लावले. माप बघायला तांब्या शोधला, तर तो ओट्यावर काठोकाठ भरलेला. मधे टँकर येऊन गेला होता. तेराव्याला आलेल्या आत्यानं भरला असणार. ओतून घ्यायला रिकामं भांडं नव्हतं, सांडायला मन होईना.

ती आरशासमोर बसली. बाशिंग कपाळाला लावून दोरे मागे नेले. गाठ काही नीट बसेना. बाशिंग घसरून नाकावर आलं.

"आई," ती मोठ्यानं म्हणाली, "लग्न नव्हतं गं हवं मला. माप हवं होतं."