राक्षसाच्या देवळात झाडू

माझ्या नवऱ्याला, सुदेशला, नियमांच्या पुस्तकांचं व्यसन आहे. आमचा खेळ फाशांचा: एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होऊन आपण काय करणार ते बोलतात. मूळ नियमांचं एक पुस्तक पुरतं हो! पण याने पुरवण्यांवर पुरवण्या आणल्यात. विषांची वेगळी, हवामानाची वेगळी. आणि गोष्ट? एकही संपवलेली नाही.

म्हणून या वेळी मीच छापील मोहीम आणली. गावापासून राक्षसापर्यंत सगळं लिहिलेलं.

"तयार मसाला," सुदेशने नाक मुरडलं.

"तुझ्या मसाल्यात तर भाजीच नसते!"

खरं तर भांडायची वेळ नव्हती. आमच्यातला तिसरा, प्रीतम, घोडबंदर रोडला राहायला गेलेला, शीळफाट्याच्या ट्रॅफिकला वैतागून त्याने कोपरला आमच्याकडे येणंच सोडलं. उरलो आम्ही दोघं. आज खालच्या मजल्यावरची करिश्मा पहिल्यांदा आलेली. तिला कंटाळा आला की खेळ बंद. मला तो बंद व्हायला नको होता, आठवडाभर ऑफिसात डोकं पिकल्यावर तेवढा रविवार माझा असतो.

खेळ सुरू झाला, गोष्टीत दोघं पडक्या देवळाशी पोचले. मी वाचलं, "दार किलकिलं आहे. आत अंधार. काय करता?"

"चपला बाहेर काढते," करिश्मा म्हणाली.

"मी पण बूट काढतो," सुदेश लगेच.

पुढचं वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. आत जमीनभर फुटक्या काचा, आणि लिहिलेलं काय, तर बुटांमुळे वीरांना काही होत नाही. अरे बाबा, देवळात बूट घालून कोण जातं! अनवाणी माणसाबद्दल एक ओळ नाही.

"थांब, माझ्याकडे आहे!" सुदेशने खुशीत पुरवणी उघडली. "काचांवर अनवाणी, दर पावलाला इजा." त्याच्या हिशेबाने करिश्माचं पात्र, म्हणजे वैदीण, अर्ध्या वाटेतच मरत होतं.

"परत घालून ये ना चपला," मी म्हटलं.

"देवळात?" तिचं तोंड एवढंसं झालं. "मग मी संपले का? जाऊ घरी?"

मला रडूच यायचं बाकी होतं. दोन्ही पुस्तकं मी फटकन मिटली. "मरू देत ती पुस्तकं. तू सांग, तू काय करतेस?"

"देवळात एवढ्या काचा?" ती चिडलीच. "झाडू कुठाय?"

सुदेश खो खो हसला. मी नाही हसले. मला खरंच बघायचं होतं काय होतं ते. "कोपऱ्यात आहे," मी म्हटलं.

ती झाडत झाडत आत गेली. आत बसलेला राक्षस शस्त्र घेऊन येणाऱ्यावर तुटून पडतो, एवढं छापलेलं. झाडू घेऊन आलेल्या बाईचं तो काय करतो? देव जाणे. ते ठरवायला करिश्माने फासे टाकले. मस्त पडले.

"तो तुझ्याकडे बघतो," मी म्हटलं, "आणि खालून झाडता यावं म्हणून पाय वर घेतो."

"मग?" सुदेश पुढे सरकला. "अगं, मग काय?"

"किती वर्षं एकटा बसलाय गं हा?" करिश्माने विचारलं. "नाव काय त्याचं?"

मी मोहीम चाळली, सुदेशने सगळ्या पुरवण्या चाळल्या. नाव कुठेच नव्हतं.

करिश्मा जायला उठली. "पुढच्या रविवारी येते," ती म्हणाली, "पण नाव ठरवून ठेव हां त्याचं. असं हाक न मारता कुणाच्या घरात कसं शिरायचं?"