एमसी वाशीचा बेल्जियम

बेल्जियमहून परत आल्यावर शिवशंकरनं पहिलं काम केलं ते नाव बदलायचं. जवळा बाजारचे माणिकराव, ज्यांच्या रानात आमच्या तांड्यातल्या निम्म्या बाया कापूस वेचायला जातात, त्यांचा हा धाकटा. "पोरगं ब्रसेल्समध्ये म्युझिक मॅनेजमेंट शिकून राहिलं," असं माणिकराव सगळ्या बाजाराला सांगायचे. पोरगं परतलं ते कान टोचून आणि घोट्यापाशी गोळा झालेली ढगळ पँट घालून. महिनाभरात खताच्या दुकानावरच्या रिकाम्या गाळ्यावर बोर्ड लागला : 'बेल्जियन हिप हॉप अकॅडमी, संचालक एमसी वाशी.'

वाशी कशावरून, ते त्यानं पहिल्याच तासाला समजावून सांगितलं. बेल्जियमचा जगभर गाजलेला गायक स्ट्रोमाए. त्यानं 'माएस्त्रो' या शब्दाची अक्षरं मागंपुढं करून आपलं नाव बनवलं. म्हणून यानं शिवाचं वाशी केलं. बाजाराच्या दिवशी लोकं त्याला गाठून विचारायचे, "काहो, पनवेलची गाडी लागली का?" तो मान उडवून म्हणायचा, "इथल्या लोकांना ह्यूमर कळत नाही." विनोद लोकांनीच केला होता, आणि कळला नव्हता तो फक्त त्याला.

मी मिना. जवळा बाजाराच्या अलीकडं आमचा बंजाऱ्यांचा तांडा आहे. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि बारावीपासून रॅप लिहिते. माझा मोठा भाऊ जगन ट्रॅक्टर चालवतो आणि लग्नात नगारा वाजवतो. त्याच्या नगाऱ्यावर शब्द बसवत बसवतच मी शिकले. रॅप शिकवणारा माणूस पंचक्रोशीत दुसरा नव्हता, म्हणून अकॅडमीत गेले. आम्ही सात-आठ जण असू.

वाशी सर शिकवायचे म्हणजे काय, तर फिरत्या खुर्चीत बसून नावं घ्यायचे. स्ट्रोमाए, डॅम्सो, हाम्झा, रोमिओ एल्विस. नावं घेताना डोळे अर्धे मिटायचे, जणू हे सगळे काल रात्री त्यांच्याच खोलीवर जेवून गेले. मग एखादं फ्रेंच कडवं म्हणायचे. फ्रेंच मला येत नव्हतं, पण नाकातून बोललं की फ्रेंच होतं अशी सरांची समजूत आहे एवढं मला तेव्हाही कळलं. सर्दी झालेला माणूस रेडा हाकलतो तसं ते ऐकू यायचं. पुढच्या बाकावरची पोरं मात्र तोंड उघडं ठेवून बघायची.

घरी येऊन मी ती नावं मोबाइलवर शोधायची. तिथं भलतंच सापडायला लागलं. स्ट्रोमाएचे वडील रवांडाचे, तिकडच्या कत्तलीत मारले गेले. डॅम्सो लहानपणी काँगोतून आलेला. आणि एक टोळकं तर बेल्जियमच्या पश्चिमेकडच्या खेड्यापाड्यांतली बोली घेऊन रॅप करणारं, ट होफ व्हान कॉमर्स नावाचं. ती बोली अशी की त्यांच्याच देशातल्या पुष्कळांना धड समजत नाही. तरी लोकं ऐकतात. मी त्यांचं एक गाणं इतक्यांदा लावलं की याडी, म्हणजे माझी आई, म्हणाली, "हे मानसं भांडून राहिले का काय?"

मला मात्र जोर आला. आपल्यालाही आपली बंजाऱ्यांची गोरमाटी बोली आहे की! मी बसून गोरमाटीत एक रॅप लिहिला. कापसाच्या बोंडाचं टोक बोटात घुसतं, वजनाच्या वेळी मालक कापूस ओला म्हणून वजन कापतो, आणि संध्याकाळी बाया एकमेकींची बोटं बघून हसतात, असं काहीबाही. क्लासमध्ये म्हणून दाखवला.

वाशी सर हसले. खुर्ची एक गिरकी फिरवली.

"मिना, हे हिप हॉप आहे का शेतातली भलरी? ग्लोबल विचार कर जरा. तांड्याची भाषा बाहेर कोण ऐकतं?"

"सर, तिकडं त्यांच्या खेड्याची भाषा ऐकतात ना."

"ते युरोप आहे," सर म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला.

पण जाताना त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, मधल्या दोन ओळी ठीक आहेत, त्यात एथ्निक फील आहे. त्या त्यांनी माझ्या आवाजात रेकॉर्ड करून घेतल्या. त्यांच्या फ्रेंच गाण्यात मधून मधून टाकायला.

तोवर मला त्या माणसाचं नुसतं हसू यायचं. पुढं जे झालं त्यानं हसूसुद्धा गेलं.

मी बेल्जियम बेल्जियम करत राहायची म्हणून मोबाइलही मला तिकडचंच काय काय दाखवायचा. एक दिवस एका पंजाबी माणसाचा व्हिडिओ आला. नाशपातीची बाग, झाडांच्या सरळ रांगा, हा पंजाबी काका मजेत सांगतोय की आज पाऊस आहे तरी तोडणी चालू आहे. त्याच्या मागं शिडीवर एक जण चढलेला. गळ्यात फळांची पिशवी, नाक लाल झालेलं. काका त्याला ओरडून म्हणतो, "ओये शिवा, हाथ हिला!" आणि शिवा हात हलवायचा सोडून तोंड फिरवतो. फिरवायच्या आधी मी त्याला पाहिलं होतं. आमचे वाशी सर.

खरं सांगते, मला आनंद झाला. आमच्या घरात कोण असं आहे ज्यानं तोडणी केली न्हाई? याडी-बापू ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरपर्यंत गेले. मला वाटलं, हा माणूस इतक्या दूर, परक्या थंडीत, शिडीवर उभा राहून फळं तोडत होता, आणि याच्याकडं सांगायला एवढं असताना हा ब्रसेल्सच्या क्लबांची गाणी काहून म्हणतो? दुसऱ्या दिवशी सगळे गेल्यावर मी त्यांना व्हिडिओ दाखवला.

"सर, याच्यावर लिहा ना. लई भारी होईल. तुमी नाशपातीचं लिहा, मी कापसाचं लिहिते, दोघं मिळून म्हणू."

त्यांचा चेहरा त्या व्हिडिओतल्या नाकासारखा झाला. "कुणाला दाखवलंस हे?"

"कुणालाच न्हाई."

"मग डिलीट कर. आणि ऐक, मी तुमच्यासारखा मजुरीला गेलो नव्हतो. अनुभव घ्यायला गेलो होतो. तुमच्यात आणि माझ्यात फरक आहे."

"कोणता फरक सर? शिडीचा?"

"उद्यापासून येऊ नको," ते म्हणाले.

जिना उतरताना मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं न्हाई. शेणात पाय पडल्यावर माणूस रडत नाही, पाय पुसतो.

पुढं दिवाळीनंतर हिंगोलीत एका मंडळानं युवा महोत्सव ठेवला. बॅनरवर एमसी वाशी, हात असे वाकडे करून, मागं कसलंतरी युरोपातलं चर्च. जगन म्हणाला, जाऊन बघू तर खरं. याडीही निघाली. तिला वाटलं तमाशा आहे, आणि तसं बघितलं तर ती चुकली नव्हती.

मैदान भरलं होतं. वाशी सर आले ते धुरातून. आधी नाकातून फ्रेंच झालं. मग नगाऱ्यासारखा ठेका वाजला आणि स्टेजवर एक गोरीपान मुलगी आली. अंगावर आमच्या बायांची फेटिया-काचळी, आरसे, कवड्या, सगळं. तिनं माइक तोंडाशी धरला आणि माझा आवाज बाहेर पडला.

मी थिजले. जगन अर्धवट उठला. पण आमच्या दोघांच्या आधी याडी उभी राहिली. रुपाबाई राठोड, जिनं आयुष्यात ग्रामसभेत तोंड उघडलं नव्हतं, ती खुर्च्यांच्या मधून तरातरा पुढं गेली आणि स्टेजच्या कडेला जाऊन ओरडली, "ए पोरी! हा आवाज तुझा न्हाई! हा माझ्या मिनाचा हाय!"

पुढच्या रांगेतली माणसं हसली. सरांनी गाणं चालू असतानाच माइकमध्ये म्हटलं, "आजी, बसून घ्या, बसून घ्या."

"बसते. आधी तिला पुढची ओळ म्हणू दे. म्हण गं बाई. बोंडाची ओळ म्हण."

काय झालं कळेना म्हणून आवाजवाल्यानं गाणं बंद केलं. मैदान एकदम शांत झालं. ती मुलगी माइक तसाच धरून सरांकडं बघत राहिली. सर तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांना काय सुचलं कोण जाणे, ते फ्रेंचमधून आभार मानत जोरात ओरडले, "मेर्सी हिंगोली!" आणि धुराचं मशीन पुन्हा सुरू करायला सांगितलं. धुरातून आले होते तसे धुरातूनच आत गेले.

तुम्हाला वाटेल, इथं त्याची फजिती झाली. कसली! बक्षीस त्यालाच मिळालं. प्रमुख पाहुणे भाषणात म्हणाले की या तरुणानं हिंगोलीचं नाव बेल्जियमपर्यंत नेलं, आणि बोलीभाषेबद्दल प्रेक्षकांतल्या मातेच्या भावना अनावर झाल्या हे कलावंताचं यश आहे. याडीला त्यांनी शाल दिली. तिनं ती तिथंच खुर्चीवर ठेवली. पाहुण्यांना बेल्जियम कुठं आहे हे विचारलं असतं तर बहुतेक नांदेडच्या पुढं म्हणाले असते.

ती मुलगी गेटपाशी आम्हाला शोधत आली. तिचं नाव प्रियंका, हिंगोलीच्या एका डान्स क्लासची. "ताई, मला म्हणाले आवाज इंटरनेटवरून घेतलाय," असं म्हणता म्हणता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्यावर मला राग धरता आला न्हाई. तिच्या ओढणीला एक कवडी उलटी शिवलेली होती. याडीनं तिला उभं करून ती सरळ कशी शिवतात ते दाखवलं.

आठवडा गेला आणि माणिकरावांची जीप तांड्यावर आली. सोबत वाशी सर. माणिकराव आमच्या अंगणात बाजेवर बसले, सर उभेच. महोत्सवातल्या गाण्याचा व्हिडिओ बराच फिरला होता. पण लोकं खाली एकच विचारत होती, मधला आवाज कुणाचा आणि पुढचं कडवं कुठंय? याडीनं चहा ठेवला.

"पोरगी आमच्या घरच्यावानी हाय," माणिकराव म्हणाले. "शिवाच्या पुढच्या गान्यात म्हनून दे बेटा. नाव बी टाकू बारीक अक्षरात."

"काका, मी म्हणीन," मी म्हणाले. "पण सरांनी नाशपातीच्या बागेचं गाणं लिहावं. शिडीवर चढून तोडत होते ते. ते लिहिलं तर फुकट म्हणीन."

सरांचा हात खिशात गेला तो तिथंच राहिला. मला वाटलं, म्हाताऱ्याला आता धक्का बसेल, कोर्सचं बिंग फुटेल. माणिकराव शांतपणे बशीत चहा ओतत होते.

"ते मला ठाव हाय," ते म्हणाले. "कोर्स बिर्स काई नव्हता. मीच तसं सांगायला लावलं. आता गावात काय सांगू, माणिकरावाचं पोरगं दुसऱ्याच्या रानात फळं तोडून राहिलं म्हनून? लोकं तोंडात शेन घालतील. इज्जत असते ना बेटा मानसाची."

हे ते कुणाच्या अंगणात बसून बोलत होते? त्यांच्या रानात कापूस वेचून बोटं फाटलेल्या बाईच्या. तिच्या हातचा चहा पीत. आणि त्यांना आपण काही वावगं बोललो असं एका क्षणापुरतंही वाटलं न्हाई. पोरगा खोटारडा होता, पण निदान त्याचं नाक तरी लाल होत होतं. बापाला तेवढीही लाज नव्हती.

जगन दारातून पुढं आला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण याडी वाकली, माणिकरावांच्या हातातली बशी काढून घेतली, सरांच्या हातातला कप घेतला, दोन्ही अजून अर्धे होते.

"च्या थंड झाला मालक," ती म्हणाली. "निघा तुमी. आमाला दुसऱ्याच्या रानात जायचंय."

माणिकराव उठले. बाजेवरून उठताना त्यांना कुणाचा तरी हात लागायचा, तो नेहमी आमच्यापैकी कुणीतरी द्यायचं. त्या दिवशी पोराला द्यावा लागला. जीप मागं घेताना सरांनी काच वर केली, पण बापाला मळमळतं म्हणून पुन्हा खाली घ्यावी लागली.

अकॅडमी अजून चालू आहे. म्हणे आता स्पेनचा कोर्सही काढणार. त्या गाण्यातून माझा आवाज काढून टाकला आणि तिथं बासरी भरली. मी आणि जगननं आमचं कापसाचं गाणं पूर्ण केलं, गोठ्याच्या मागं रेकॉर्ड केलं, शेळ्यांच्या आवाजासकट टाकलं. तेलंगणातल्या तांड्यांवरून लोकं लिहितात, कळलं कळलं म्हणून. परवा एकानं तर पुढचं कडवं स्वतःच जोडून पाठवलं, मिरची तोडणीचं. चांगलं आहे. ठेका थोडा घसरतो, तो जगन नीट करून देतोय.