पतपेढीतलं एकोणिसावं पान

"अंगठा टेकव म्हातारे, शाई वाळतेय!" पतपेढीचा मॅनेजर तिसऱ्यांदा खेकसला.

"वाळली तर थुंकी लावीन," शेळ्यावाली म्हणाली. "बारा शेळ्या विकल्यात मी. गुडघे गेले म्हणून. अक्कल नाही गेली. आधी वाचून दाखवा."

नियमच होता तसा. ज्याला वाचता येत नाही, त्याला कारकुनानं कागद वाचून दाखवायचा. कारकून पहिली ओळ वाचायचा, शेवटची वाचायचा आणि मधली चाळीस पानं गिळून टाकायचा. मॅनेजर खूश. ठेवीची योजना खपली की त्याला वरून बक्षीस यायचं.

पण कारकुनाची बायको जाऊन दोन महिने झाले होते. लवकर घरी जाऊन करायचं काय? गार चुलीकडं बघत बसायचं? त्यानं चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. चांगलं मोठ्यानं.

पाचव्या पानावर म्हातारीनं हात आखडला. "दहा वर्षं पैसे काढायचे नाहीत? अरे, मी शहात्तरची! मधेच मेले तर?"

"वारसाला मिळतील, मावशी."

"वारस म्हणायला एक बोकड होता. तोही विकला."

रांग खदखदून हसली. मॅनेजर कारकुनाच्या कानाशी आला. "बास कर. सगळं कायद्यात बसतंय."

"वाचून दाखवणंही कायद्यातच बसतंय, साहेब."

"डोंगरापलीकडं बदली करीन तुझी!"

"करा. इथं तरी कोण वाट बघतंय माझी?"

म्हातारीनं शाईचा अंगठा मॅनेजरच्या खुर्चीवरल्या पांढऱ्या टॉवेलला पुसला. "माझे साध्या खात्यात टाका. लागतील तसे काढीन."

तिचं काम झालं, तरी कारकून थांबेना. रांगेत उभा असलेला दूधवाला त्याला मघापासून दिसत होता. एकोणिसाव्या पानावर त्यानं आवाज आणखी चढवला. "पंधरा दिवसांच्या आत योजना रद्द करून पूर्ण रक्कम परत मागता येईल."

दूधवाला कोपरानं वाट काढत पुढं आला. "आठ दिवसांपूर्वी मी हीच घेतली. मला कुणी वाचून दाखवली?"

"मीच."

"मग हे पान कुठं गेलं होतं?"

"गिळलं होतं."

दूधवाल्यानं त्याच्या आज्यापणज्यांपासून सुरुवात करून सगळ्या खानदानाचा उद्धार केला. कारकुनानं मान खाली घालून ऐकलं. एकही शिवी खोडून काढली नाही.

दम लागल्यावर दूधवाला बाकावर टेकला.

"लिही अर्ज, रद्द करायचा," तो म्हणाला. "आणि लिहून झाला की मला वाचून दाखव. अख्खा."