ब्याण्णव किलोंची गाडी

मी भडक डोक्याचा मिस्त्री आहे, गल्लीत कुणालाही विचारा. पण त्या दिवशी भडकलो ते भलत्याच माणसावर.

तीस वर्षं रेसची गाडी मीच चालवली. गुडघ्याने दगा दिला तेव्हा लेकीला म्हणालो, घे, आता ही तुझी. मग दोन महिने राबून गाडी नव्याने बांधली. इंजिन चार बोटं मागे सरकवलं, मागच्या दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा नवा डिफरन्शियल बसवला, बॅटरी डिकीच्या डाव्या कोपऱ्यात नेली. चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवले. उजवी बाजू जड भरत होती, म्हणून बॅटरीशेजारी शिशाची लादी ठोकली. आकडे चोख जुळले. काय खूश झालो होतो!

आणि सरावाला पोरगी उजव्या वळणावर तीनदा गरकन फिरली. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅकवाल्यांसमोर न घसरता पाच फेऱ्या मारल्या, तरच तिला रेसचा परवाना मिळणार होता.

"बाबा, गाडी मागून निसटतेय."

"गाडीला काय धाड भरलीय? तुझाच हात घाईचा! जमत नसेल तर तसं सांग."

तिने हेल्मेट फळीवर ठेवलं. "नाही जमत. उद्या नाही जायचं मला," म्हणाली आणि घरात गेली.

पण ताठा जाईल तर शपथ! डिफरन्शियल खाली उतरवून उघडला. ठणठणीत होता. परत चढवला. तेवढ्यात आमची ही चहा घेऊन आली. भिंतीवर मी खडूने वजनं लिहिलेली, ती वाचत उभी राहिली.

"अहो, हे 'ड्रायव्हर ९२' कोण?"

"मी. काट्यावर गाडी असताना आत ड्रायव्हर बसावा लागतो."

"ब्याण्णव? मला तर ऐंशी सांगता! आणि चालवणार कोण, तुम्ही?"

चहाचा घोट तोंडातच राहिला. पोरगी एक्कावन्न किलोंची. तीस वर्षांच्या सवयीने मी सरळ जाऊन सीटवर बसलो होतो, आणि ती लादी माझ्या भाराला तोलायला ठोकली होती.

घरात जाऊन लेकीसमोर उभा राहिलो. "हेल्मेट घाल. गाडी काट्यावर घेतो, तू आत बस. चुकलो गं मी. गाडी तुला दिली म्हणालो, पण बांधली माझ्यासाठीच."

ती बसली. डाव्या मागच्या चाकावर भलताच भार, आणि उजव्या वळणाला गाडी नेमकी त्याच कोपऱ्यावर झुकायची. मी कपाळावर हात मारला. लादी काढली, स्प्रिंगांचे पेच फिरवून भार सारखा केला, पुन्हा मोजलं. जुळलं.

सकाळी ती उजव्या वळणाला आली की मी डोळे मिटायचो. ही शेजारून सांगायची, "गेली... गेली नीट." पाचव्यांदा "गेली नीट" ऐकलं आणि जीव भांड्यात पडला. चारचौघांत रडलो, लाज नाही वाटली.

गॅरेजमध्ये परतल्यावर लेकीने आधी भिंतीवरचा ब्याण्णव पुसला. मी खिशातून खडू काढून तिच्या हातात दिला. तिने एक्कावन्न लिहिलं.